बांधावरची मिटलेली पानं

गिल मी-रे जिना चढून वर आली, तेव्हा प्योबाई खिडकीशी वाळत घातलेल्या लाल मिरच्या उलटत होत्या. खालच्या शेवयांच्या दुकानातून रश्श्याचा वास येत होता. बांग डल-सू त्या वासाकडे तोंड करून खुर्चीतच पेंगत होता.

“खासगी तपास करणाऱ्या प्यो इन-सूक तुम्हीच का?”

“खाली पाटीवर तरी तसंच लिहिलंय. बस, पोरी.”

मुलगी पस्तिशीची असावी. पायात चिखलाचे गमबूट होते आणि मानेवर उन्हाने कातडी सोलली होती. ती बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेला.

“माझ्या भातात तणनाशक सापडलंय,” ती म्हणाली. “मी फवारलेलं नाही. पण माझ्याशिवाय हे कुणालाच पटत नाही.”

प्योबाईंनी मिरच्यांवरून हात काढला. मुर्यंग तालुक्यात त्यांनी पीकविम्याचं नुकसान मोजण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. नोकरी सुटल्यावर त्यांनी हे दुकान थाटलं. हरवलेल्या गायी, वारसांची भांडणं, एखाद्या जावयाची चौकशी असलीच कामं जास्त यायची. बांग त्यांचा मावसभाऊ. एसटीसारखीच सरकारी बस चालवून निवृत्त झालेला आणि आता त्यांची गाडी चालवणारा.

“सुरुवातीपासून सांग,” प्योबाई म्हणाल्या.

सोलगोल गावात आठ घरं मिळून सेंद्रिय भात पिकवत होती. शेतात रसायन घालायचं नाही, त्या बदल्यात सरकार दरवर्षी क्षेत्राप्रमाणे अनुदान देतं. कापणीआधी तपासनीस येऊन प्रत्येक शेतातले नमुने नेतात. यंदा सात शेतं स्वच्छ निघाली. आठवं मी-रेचं होतं.

“म्हणून तुझं अनुदान थांबलं,” बांग डोळे चोळत म्हणाला.

“सगळ्यांचं थांबलं. गट एक, दाखला एक.”

“म्हणजे एक शिंकला म्हणून आठ जणांना काढा?”

“तसंच.” ती हसली नाही. “सोमवारी कृषी कार्यालयात सुनावणी आहे. रसायन आमच्या नकळत आलं असं दाखवता आलं, तर माफी मिळते. नाही दाखवता आलं तर आठही घरं बाहेर. आणि गावातून मी बाहेर. ‘शेत ओढ्यापलीकडच्या नामला भाड्याने दे आणि इंचॉनला परत जा,’ असं तोंडावर सांगून झालंय सगळ्यांचं.”

“शेत तुझंच?”

“बाबांचं. गिल जोंग-ते. ते वसंतात गेले. मी मातीला आले होते, परत गेलेच नाही.”

प्योबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, मग कामाचं विचारलं. “यंदा शेतात काय काय फवारलंस?”

“एकदाच फवारलं. तुडतुडे दिसले म्हणून. कोळशाच्या भट्टीतून निघतं ते धुराचं आंबट पाणी. ते गटात चालतं.”

“कशाने?”

“बाबांच्या पाठीवरच्या पंपाने. तसा सोककाकांनी मला बॅटरीचा नवा पंप आणून दिला होता, गावप्रमुख आहेत ते. पण…” तिने नजर मिरच्यांवर ठेवली. “जुन्याच्या पट्ट्यांना बाबांच्या मापाच्या गाठी आहेत. मला तो एकदा पाठीवर घालून बघायचा होता.”

“गाठी तशाच होत्या?”

“होत्या. डावा पट्टा तेवढा खालच्या कडीतून निघाला होता. मी अडकवला.”

“आधी पंप धुतलास?”

“बाबांनी त्यात जन्मात रसायन घातलं नाही, मावशी. कशाला धुऊ?”

“खरंय,” प्योबाई म्हणाल्या. “डल-सू, ऊठ. गाडी काढ.”

“जेवण?”

“शेवया पळून जात नाहीत.”

जाताना त्या कोपऱ्यावरच्या शेतीच्या औषधांच्या दुकानात शिरल्या. तपासणीच्या निकालात सापडलेलं लांबलचक नाव त्यांनी दुकानदाराला वाचून दाखवलं. त्याने भुवया वर केल्या.

“भातात सापडलं? चेष्टा करताय? हे हिरवळीचं औषध. रुंद पानांचं तण मारतं, गवताच्या जातीला धक्का लावत नाही. गोल्फची मैदानं घेतात माझ्याकडून, टाक्याच्या टाक्या.”

गाडीत बसताच बांगने मांडीवर थाप मारली. “सुटलं कोडं! सोलगोलच्या टेकडीमागे गोल्फचं मैदान आहे. मी बस नेलीय तिथे. पाऊस पडला, औषध वाहून आलं. संपलं.”

“मैदानाचं पाणी कुठल्या बाजूला उतरतं?”

बांगने आठवून पाहिलं. “पलीकडच्या धरणात.”

“मग?”

“मग काही नाही. मी गाडी चालवतो.”

सोलगोलला पोचेस्तोवर ऊन कलायला लागलं होतं. भात पिवळं पडत होतं. मी-रेचं शेत ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. लोंब्यांच्या वर हातभर उंच सावा, भातासारखंच दिसणारं गवताचं तण, माजला होता.

“अगं, हे भात आहे की साव्याची बाग?” बांग म्हणाला.

मी-रेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मी गोगलगायी सोडल्या होत्या तण खायला. पण पाणी कमी ठेवलं माझ्याकडून. पाण्याच्या वरचं त्यांना खाता येत नाही.”

“तणनाशक मारणाऱ्या माणसाच्या शेतात एवढं तण,” प्योबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग खाली वाकून बांधावरून चालू लागल्या.

इकडच्या सगळ्यांसारखं गिलच्या बांधावरही सोयाबीन होतं. शेताच्या एका अंगाला पायवाट आणि जोंग-तेची अवजारांची शेड होती. दुसऱ्या अंगाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे नाम ग्यू-चलची शेतं. शेडजवळच्या सोयाबीनची पानं वाटीसारखी वर मिटली होती, शेंडे वाकडे झाले होते. पायवाटेने पुढे जावं तसतशी पानं मोकळी होत गेली. ओढ्याकडच्या बांधावरचं सोयाबीन तर तरारलेलं होतं.

“मला वाटलं, पाणी कमी पडलं,” मी-रे म्हणाली.

“आंबट पाणी कुठून फवारायला लागलीस?”

“शेडपासून, याच कडेने. टाकी संपली तिथे थांबले, परत भरली, आणि मग पलीकडची बाजू.”

“नमुना कुठला नेला?”

“हाच, वाटेकडचा. तपासनीस बुटांना चिखल लागू देत नाहीत.”

प्योबाईंनी एक मिटलेलं पान तोडून पिशवीत टाकलं. बांगने ते पाहिलं आणि काहीतरी समजल्यासारखी मान हलवली. त्याला काही समजलं नव्हतं.

शेडच्या भिंतीला लागूनच हादोंगवाल्या आजीचं घर. हादोंगहून लग्न होऊन आली, म्हणून गाव तिला त्याच नावाने ओळखायचं. आजी कमरेतून पूर्ण वाकलेली, लहान मुलांची बाबागाडी काठीसारखी ढकलत चालणारी. अंगणात ती तिळाच्या पेंढ्या झोडत होती.

“आलीस का पोलीस घेऊन?” ती मी-रेला म्हणाली.

“पोलीस नाहीत आजी. मदतीला आल्यात.”

“मदत लागते ती फवारायच्या आधी. माझ्या अनुदानात यंदा दात बसवायचे होते. आता पुन्हा पेज.”

“आजी, या शेडमध्ये कोण येतं-जातं?” प्योबाईंनी विचारलं.

“मांजरं. मी काय दिवसभर भिंतीला कान लावून बसते? ऐकू तरी येतं का मला?”

“तुमचं आणि जोंग-तेंचं कसं होतं?”

“बांधावरून भांडायचो. चांगलं खणखणीत भांडायचा तो. आता भांडायलाही कुणी नाही.” आजीने एक पेंढी जरा जोरातच आपटली. “बायकोच्या थडग्यावर बसून तिपानी उपटायचा, माहितेय? एक एक मूळ. ‘ती एकदा शिरली की थडग्याचं गवत खाऊन टाकते’, म्हणायचा. थोडी चढली की ज्याला त्याला बजावायचा, मी मेल्यावर माझ्यावर तिपानी उगवू देऊ नका.”

“कुणी कबूल केलं?”

“प्यालेल्या माणसाला सगळेच हो म्हणतात.”

थडगी, म्हणजे गवताने झाकलेले मातीचे गोल उंचवटे, शेडमागच्याच टेकडीवर होती. बांगने खालून पाहिलं आणि पाय मागे घेतला. “वर कशाला चढायचं, ताई? सगळे उंचवटे हिरवेगार दिसतायत इथून.”

“इथून दिसतायत,” म्हणत प्योबाई चढू लागल्या.

वर पोचल्यावर बांगलाही फरक दिसला. पितरांच्या सणाआधी थडग्यांवरचं गवत कापतात, ती कापणी अजून व्हायची होती. गावातल्या एकूण एक थडग्यावर तिपानीची दाट गोधडी पसरलेली होती. जोंग-ते आणि त्याच्या बायकोच्या जोड-उंचवट्यांवर मात्र नुसतं गवत होतं, बारीक आणि एकसारखं.

मी-रेने दोनदा वाकून नमस्कार केला. “दादाने सोलहून माणूस पाठवला असणार. शहरातले लोक हल्ली भाड्याने कापून घेतात,” ती म्हणाली.

प्योबाईंनी गवत बोटांनी दुभंगलं. तळाशी तिपानीचे सुकलेले देठ होते, स्क्रूसारखे पिळवटलेले, मुळांसकट जागच्या जागी. त्यांनी एक देठ रुमालात गुंडाळला.

तिथूनच त्यांनी मी-रेच्या थोरल्या भावाला फोन लावला. “माणूस? नाही हो, मी कुणाला नाही पाठवलं,” पलीकडून आवाज आला. “सणाला यायचंच आहे, तेव्हा मी स्वतःच कापीन. का, फार वाढलंय का?” आवाजात लाज होती, खोटेपणा नव्हता.

नाम ग्यू-चल ओढ्यापलीकडे त्याच्या गोदामात ड्रोन पुसत होता. धिप्पाड माणूस. खताची गोणी त्याने बोलता बोलता एका हाताने बाजूला केली.

“या, या. माझ्यावरच संशय येणार, ठाऊक होतं मला. जोंग-ते माझ्याशी वर्षानुवर्षं बोलला नाही. मी विष मारतो म्हणून. बरं, मारतो! करप्यावरचं मारतो, सगळ्यांदेखत मारतो. माझं यंत्र आभाळातून बोंबलत जातं, बाई. चोरून मारायची सोय तरी आहे का मला?”

“तिचं शेत हवंय ना तुम्हाला?”

“हवंय की. भाडं चोख देईन. तिचंही भलंच आहे, पोरगी चार दिवसांत काळी पडली.” त्याने फडकं झटकलं. “पण ती दमून जावी असं वाटणं वेगळं, आणि तिला बदनाम करणं वेगळं. माझं औषध उडून तिकडे गेलंय असं वाटत असेल, तर ओढ्याकाठचं तिचं सोयाबीन बघा जाऊन. गावात सगळ्यात छान तेच आहे.”

“बघितलं,” प्योबाई म्हणाल्या.

गावप्रमुख सोक चांग-बोक त्यांना गावाच्या सभाघरात भेटला. ताठ कण्याचा, पांढऱ्या केसांचा माणूस. त्याने कोबीची किमची आणि तांदळाच्या दारूची किटली पुढे ठेवली. बांगने रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. सोकने उजव्या हाताने ओतली. डावा हात मांडीवरच राहिला.

बांगचा चेहरा उतरला. लहान मुलाला ओततात तशी एका हाताने! तोही पासष्टीचा होता.

“सोकसाहेब, गट तुम्हीच सुरू केलात ना?” प्योबाईंनी विचारलं.

“मी आणि जोंग-तेने. लोक हसायचे. दोन म्हातारे गोगलगायी पाळतात, म्हणायचे.” त्याचा आवाज कठोर झाला. “म्हणून जास्त राग येतो. परक्याच्या पोरीने केलं असतं तर सोसलं असतं. नवा पंप दिला, रोपं दिली, पाणी कधी सोडायचं ते शिकवलं. आणि हिने काय केलं?”

“तिने केलं असं तुम्हाला खात्रीने वाटतं?”

“शेत तिचं, नमुना तिचा. आणखी कोण येणार तिथे?”

“जोंग-तेंच्या थडग्यावर जाता का कधी?”

“माती दिल्यापासून टेकडीवर पाय ठेवला नाही. डॉक्टरांनी चढ बंद केलाय.” सोकने किटली खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. “काय दशा आहे वर. पोरं शहरात, थडग्यांवर तिपानीचं रान. एकटा जोंग-ते काय तो स्वच्छ निजलाय.”

परतताना बांग गाडीत बराच वेळ धुसफुसत होता. “गावप्रमुख म्हणे! एका हाताने ओततो! माझ्या बसमध्ये असता तर मधल्याच थांब्यावर उतरवला असता.”

“तुझा अपमान झाला, हे फार बरं झालं,” प्योबाई म्हणाल्या.

“अहो ताई!”

“खरंच सांगते. तू नसतास तर माझ्या लक्षातच आलं नसतं.”

रविवारी दुपारी आठही घरची माणसं सभाघराच्या उबदार जमिनीवर दाटीवाटीने बसली. नामही दाराशी येऊन टेकला. मी-रे भिंतीला पाठ लावून होती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहिली होती. बांगने ते पाहिलं, आणि तो मुद्दाम जाऊन त्यातल्या एका जागेत बसला.

प्योबाई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी बसूनच रुमाल उलगडला.

“सापडलेलं औषध कसलं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं का?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“हिरवळीचं. रुंद पानाचं तण मारतं, गवत सोडतं. भात गवतातलंच, त्याला काही झालं नाही. पण सावाही गवतातलाच. मी-रेच्या शेतातला सावा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय.”

“न बघून सांगतो कुणाला,” आजी म्हणाली. थोडं हसू पसरलं.

“तणाला कंटाळून जिने औषध मारायचं, ती सावा मारणारं आणेल की सावा जगवणारं? तिने तण मारायला हे मारलं नाही, हे पहिलं. आता दुसरं.” त्यांनी मिटलेलं पान पुढे सरकवलं. “सोयाबीन रुंद पानाचं. या औषधाचा शिंतोडा पडला तरी पान असं मिटतं. ओढ्याकडचं सोयाबीन ठणठणीत आहे, म्हणजे नामसाहेबांकडून काही आलं नाही. मिटलंय ते शेडकडचं. शेडपाशी सर्वांत जास्त, पुढे कमी कमी, आणि मग नाहीच.”

“आपोआप कमी होत गेलं?” नामने विचारलं.

“पंप चालत गेला तसं. मी-रे शेडपासून फवारत निघाली. टाकीच्या तळाशी आणि नळीत जे बसलं होतं, ते आधी बाहेर पडलं. आंबट पाणी जात राहिलं तसा पंप धुतला गेला. दुसऱ्या टाकीत काही उरलंच नव्हतं. औषध शेतात उडून आलं नाही, वाहून आलं नाही. ते जोंग-तेंच्या पंपातून आलं.”

“जोंग-तेने असलं आणलंच नसतं!” कुणीतरी ओरडलं.

“नाहीच आणलं. त्यांच्यामागे दुसऱ्या कुणीतरी त्यांचा पंप घेतला, वापरला आणि परत टांगला. कुठे वापरला?” त्यांनी पिळवटलेला देठ पानाशेजारी ठेवला. “टेकडीवर सगळीकडे तिपानी आहे, तीही रुंद पानाचीच. जोंग-तेंवर नाही. कापली असती तर देठांना कापलेली टोकं दिसली असती आणि मुळांतून पुन्हा फुटली असती. ही मुळासकट जागेवर सुकलीय, पीळ पडून, या औषधाने सुकते तशी. जोंग-तेंवर तिपानी उगवू नये, असं कुणालातरी फार मनापासून वाटत होतं. तो माणूस चोर नाही, वैरीही नाही.”

मी-रेने मान वर केली होती.

“त्याने स्वतःचा पंप का नाही नेला? कारण पाठीवर पंप घेऊन टेकडी चढताना तो कुणाच्या नजरेस पडून चालणार नव्हतं. शेड थडग्याच्या पायथ्याशीच आहे, कुलूप नाही. नामसाहेबांना लपायचं कारण नाही, ते उघड उघड औषध मारतात. आजींना पंप उचलणार नाही. आणि पंपाचा डावा पट्टा कडीतून सोडलेला होता. म्हणजे त्या माणसाने तो एकाच, उजव्या खांद्यावर घेतला. भरलेला पंप एका खांद्यावर कोण नेईल? ज्याचा दुसरा हात मागे वळून पट्ट्यात जातच नाही, तो. दांडा मारायला कोपर पुरतं. पट्टा घालायला खांदा लागतो.”

बांगचं तोंड उघडं पडलं. त्याने किटलीकडे पाहिलं, मग मांडीवर निजलेल्या एका डाव्या हाताकडे.

“पाहुण्याला दोन हातांनी ओततात, हे लेकरालाही कळतं,” प्योबाई हळू आवाजात म्हणाल्या. “इतक्या रीतीच्या माणसाला ते जमलं नाही. आणि टेकडीवर पाय न ठेवता त्याला ठाऊक होतं की वर एकटा जोंग-ते स्वच्छ निजलाय. खालून तर सगळे उंचवटे सारखेच हिरवे दिसतात.”

सोक चांग-बोकने कुणाकडे पाहिलं नाही. तो पानाकडे पाहत होता.

“त्यातून आलं?” तो म्हणाला. “ती… नवा पंप दिला होता मी तिला.”

“मी बाबांचा घेतला, काका,” मी-रे म्हणाली.

“मी धुतला होता तो. ओढ्यावर नेऊन, पुन्हा पुन्हा.” त्याचा ताठ कणा खचला. “आजाराच्या शेवटी शेवटी त्याने माझा हात धरून सांगितलं होतं, तेव्हा तो प्यालेला नव्हता. मी जाऊन बसलो उपटायला. खांद्याने खुरपंसुद्धा पेललं नाही. माझ्या बहिणीच्या गावी सगळे थडग्यांवर हेच औषध मारतात. मला ते शेतीचं औषध वाटलंच नाही हो. थडग्याचं औषध, एवढंच. आपण गट काढला तेव्हा शेतात विष नको, असं ठरवलं. टेकडी काय शेत आहे?”

“अरे मग कुणाला सांगायचंस!” आजी म्हणाली.

“काय सांगू? सेंद्रिय गावाचा प्रमुख तणनाशकाची बाटली घेऊन हिंडतो? की त्याच्याने खुरपं धरवत नाही?”

“माझ्याने कंबर सरळ करवत नाही, ते सांगत फिरते का मी? दिसतंच ना सगळ्यांना! तुझंही दिसलं असतं, गाढवा.”

कुणी हसलं नाही, पण श्वास सुटल्याचा आवाज झाला.

सोक उठला. भिंतीपर्यंत चालत गेला आणि मी-रेसमोर गुडघ्यांवर बसला. गावातला सगळ्यात मोठा माणूस असा बसलेला पाहून दोघेतिघे गडबडीने उठू लागले. त्याने उजवा हात वर करून त्यांना थांबवलं.

“या लोकांसमोर मी तुला खोटारडी म्हटलं,” तो म्हणाला. “म्हणून या लोकांसमोरच सांगतो. खोटारडा मी. औषध नकळत गेलं असेल, पण खोटं मीच बोललो.”

वसंतात मातीच्या वेळी मी-रे रडली नव्हती, आणि आत्ताही ती रडणार नव्हती. तिने फक्त ओठ घट्ट मिटले आणि मग सोडले.

“मी दर रविवारी वर जायचे,” ती शेवटी म्हणाली. “आणि वाटायचं, या गावात बाबांची आठवण माझ्याशिवाय कुणाला नाही.” तिने त्याला उठायला हात दिला. “उद्या माझ्याबरोबर कार्यालयात याल?”

“तू नुसती बस. बोलायचं मी.”

“माझी गाडी आहे,” बांग मध्येच म्हणाला. “म्हणजे ताईंची. सगळ्यांना नेतो. फक्त सोकसाहेबांनी पुढे बसावं, मागे दाटीत खांदा दुखेल.”

सुनावणी लांबली नाही. सोकने बाटली टेबलावर ठेवली आणि जे केलं ते सांगितलं. अधिकारी तरुण होता. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः चिखलात उतरून बांध पाहिला, नव्या जागांचे नमुने नेले. वाटेकडची पट्टी सोडून सगळं शेत स्वच्छ निघालं. निर्णय आला: भेसळ नकळत झालेली, दाखला कायम, आठही घरांचं अनुदान द्यावं. वाटेकडच्या पट्टीचं भात मात्र वेगळं कापावं आणि गटाच्या नावाने विकू नये.

सोकने प्रमुखपदाचा राजीनामा देऊ केला. गावाने तो घेतला नाही. “तू सोडलंस तर सभा कोण घेणार, मी?” आजी म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

कापणीला प्योबाई आणि बांग दोघंही गेली. वाटेकडची पट्टी मी-रेने विळ्याने कापली. गोणीभर भात निघालं.

“याचं आता काय करायचं?” तिने विचारलं. “औषधाचं प्रमाण बाजारातल्या साध्या तांदळात चालतं त्याहूनही कमी आहे म्हणाले, पण आपलं म्हणून विकता येणार नाही.”

“मी खाईन,” सोक म्हणाला.

“एकटा कशाला?” आजीने गोणीवर हात ठेवला. “नवा तांदूळ आहे. शिजवा इथेच.”

सभाघरातल्या मोठ्या भांड्यात भात शिजला. नाम ओढा ओलांडून आला तो स्वतःचा चमचा घेऊनच. “माझ्या तांदळापेक्षा हा अजून दहापट सोवळा असेल,” म्हणत त्याने वाटी पुढे केली. बांगने तिसऱ्यांदा घेतला. वाफेने खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या.

जेवता जेवता सोकने पुढच्या हंगामाचा विषय काढला. वसंतात रोपांचे किती ट्रे लावायचे, ते आत्ताच ठरवायला हवं होतं. तो घराघराला नावाने विचारत गेला, आणि जो तो तोंडात घास असतानाच आकडा सांगत राहिला. भिंतीशी बसलेल्यांपर्यंत तो पोचला.

“गिलच्या घरी?”

मी-रेने घास गिळला. आजूबाजूला कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. सगळे जेवत होते.

“बाबा लावायचे तेवढेच,” ती म्हणाली. “नाही, थोडे जास्त धरा, काका. काही माझ्या हातून मरतील.”

“सगळ्यांच्याच हातून मरतात,” आजी म्हणाली, आणि तिने मी-रेच्या वाटीत आणखी भात वाढला.